झूम पुरतो, उजेड पुरत नाही : पक्ष्यांच्या फोटोंबद्दल वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात लिहिलं होतं की लेन्स न बदलणाऱ्या झूम कॅमेऱ्यावर, म्हणजे निकॉन पी९००, पी९५०, कॅनन एसएक्स७०, पॅनासॉनिक एफझेड८२ या जातीच्या कॅमेऱ्यांवर पण पक्ष्यांचे चांगले फोटो निघतात. त्यावर एवढे प्रश्न आलेत की या वेळचं अख्खं सदर त्यांनाच देतेय. सारखेच प्रश्न एकत्र केलेत आणि नावं कुणाचीच छापलेली नाहीत.

प्रश्न : पी९०० घेतला तो त्याच्या २००० मिमी झूमसाठीच. पक्षी फ्रेमभर येतो, मागच्या स्क्रीनवर मस्त दिसतो, पण कॉम्प्युटरवर मोठा केला की पिसं दिसतच नाहीत, सगळं लिबलिबीत, रंग फासल्यासारखं. कॅमेऱ्यात काही बिघाड असेल का?

उत्तर : कॅमेरा बहुतेक ठणठणीत असणार. आधी मेनूत जाऊन डिजिटल झूम बंद करा, कारण तो झूम नाहीच, फोटोचा मधला तुकडा कापून ताणलेला असतो आणि ते काम नंतर कॉम्प्युटरवर जास्त चांगलं होतं. मग तुमचे बिघडलेले आठ-दहा फोटो उघडा, १०० टक्के मोठे करा आणि नुसता पक्षी नका बघू, तो बसलाय ती फांदी बघा, पुढची पानं बघा, मागच्या काड्या बघा. सगळ्याच कडा एका दिशेने दुहेरी दिसत असतील तर हात हललाय. फांदी स्वच्छ आणि पक्षी तेवढा पुसट असेल तर पक्षी हलला, शटरचा वेग कमी पडला. पक्षी पुसट पण मागची एखादी काडी एकदम कुरकुरीत असेल तर फोकस काडीवर गेला. पक्ष्याची बाहेरची कड नीट, चोच नीट, पण छातीवरची पिसं विरघळून एकच रंगाचा पट्टा झालाय असं असेल तर आयएसओ, म्हणजे कमी उजेडात फोटो उजळवण्याचा आकडा, वर गेला आणि कॅमेऱ्याने नॉइज, म्हणजे त्यामुळे उठलेले दाणे, पुसताना पिसं पण पुसली. आणि कडा नागमोडी दिसत असतील, एकाच दमात काढलेल्या पाच फोटोंत त्याच पक्ष्याचा आकार जरा जरा वेगळा येत असेल, तर ती तापलेली हवा आहे.

या शेवटच्या गोष्टीबद्दल थोडं जास्त लिहिते कारण लोक तिचा दोष वर्षानुवर्षं कॅमेऱ्याला देत राहतात. ऊन चढलं की जमीन तापते, तिच्यावरची हवा तापून वर यायला लागते आणि गरम-गार हवेच्या थरांतून येताना प्रकाश सारखा वाकत राहतो. नुसत्या डोळ्यांना त्याचं काही वाटत नाही, पण २००० मिमीला पक्षी जेवढा मोठा होतो तेवढीच ती थरथर पण मोठी होते. तलावापलीकडचं बदक, माळरानावरची टिटवी, हे दुपारी बारा-एक वाजता कितीही महागाच्या लेन्सवर काढा, धड येणार नाहीत. व्ह्यूफाइंडरमध्ये पक्षी लहरताना दिसला तर कॅमेरा खाली ठेवा आणि पक्षी नुसता बघा, फोटो उद्या सकाळी. गाडीत बसून काढत असाल तरी तेच, आतली गार हवा आणि बाहेरची गरम हवा काचेपाशी भेटतात तिथेच फोटो बिघडतो, म्हणून काच आधीच खाली करून दोन्हीकडचं तापमान सारखं होऊ द्या आणि इंजिन बंद ठेवा.

आता सेन्सर, म्हणजे कॅमेऱ्याच्या आत प्रकाश टिपणारा तुकडा. या कॅमेऱ्यांत १/२.३ इंची सेन्सर असतो, म्हणजे साधारण ६.२ बाय ४.६ मिमी, करंगळीच्या नखाहून लहान. मोठ्या कॅमेऱ्यांतल्या फुल फ्रेम सेन्सरच्या साधारण तिसाव्या हिश्शाएवढं त्याचं क्षेत्रफळ. पी९००ची लेन्स खरं तर ३५७ मिमीचीच आहे, ती २००० सारखी दिसते ती या लहान सेन्सरमुळे, आणि उजेड कमी पडला की हाल होतात ते पण त्याच्यामुळेच. पूर्ण झूमला अॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाश आत घेणारं भोक, एफ/६.५ एवढंच उघडतं, तिथे प्रकाशाचा एक ठिपका सेन्सरवर साधारण सहा पिक्सेल रुंद पडतो, म्हणजे १६ मेगापिक्सेलचे सगळे पिक्सेल कामाला येतच नाहीत. म्हणून अॅपर्चर अजून बारीक करून फोटो जास्त शार्प होईल ही समजूत इथे सोडा, एफ/८ ला उलट जास्त मऊ येईल.

राहिलं काय तर अंतर. अंतर निम्मं झालं की त्याच झूमला पक्ष्यावर चौपट पिक्सेल पडतात, मधली हवा निम्मी होते, नाहीतर झूम मागे आणता येतो म्हणजे अॅपर्चर थोडं मोठं मिळतं, हाताची थरथर कमी होते. ४० मीटरवरून २००० मिमीला काढलेला बुलबुल आणि २० मीटरवरून १००० मिमीला काढलेला बुलबुल फ्रेममध्ये सारखाच दिसतो पण दुसऱ्याची पिसं मोजता येतात. माझं सरळ म्हणणं आहे की या कॅमेऱ्यांवरचा शेवटचा एक तृतीयांश झूम पक्षी ओळखायला वापरावा आणि फोटो काढायला जवळ जावं. कसं जावं ते पुढे एका प्रश्नात येतंच आहे.

प्रश्न : ताई, मी कॉलेजला आहे, बाबांचा एसएक्स५० वापरतो. झाडातला पक्षी मला दिसत असतो पण कॅमेरा मागच्या पानांवरच फोकस करतो, पुढे-मागे पुढे-मागे करत बसतो, तोवर पक्षी गायब. आणि निम्म्या वेळा तर झूम केल्यावर पक्षी सापडतच नाही.

उत्तर : तुझे दोन प्रश्न आहेत, आधी पक्षी सापडण्याचं बघू. १२०० मिमीला २० मीटरवर कॅमेऱ्याला जेमतेम ६० सेंटिमीटर रुंद तुकडा दिसतो, २००० मिमी असेल तर ३५ सेंटिमीटर. एवढ्याशा खिडकीतून झाड धुंडाळलं तर पक्षी मिळणं नशिबावरच. म्हणून झूम पूर्ण मागे ठेवून सुरुवात कर, पक्ष्याजवळची एखादी खूण धर, वाळकी फांदी, खोडाचा फाटा, मोठं पान, ती खूण फ्रेमच्या मधोमध आण आणि नजर न हलवता झूम करत जा. तुझ्या कॅमेऱ्याला लेन्सच्या बाजूला फ्रेमिंग असिस्टचं बटण आहे, ते दाबून धरलं की झूम तेवढ्यापुरता मागे येतो, पक्षी चौकटीत आणून सोडलं की पुन्हा होता तिथे जातो. पी९००ला पण लेन्सच्या बाजूला असंच स्नॅप-बॅक बटण आहे. रोज घरातल्या घरात सराव कर, समोरच्या झाडाचं एक पान ठरव, कॅमेरा डोळ्याला लाव, सापडतंय का बघ. आणि मागची स्क्रीन विसर, व्ह्यूफाइंडर वापर. कॅमेरा कपाळाला टेकतो, दोन्ही कोपर छातीला टेकतात, हात एकदम स्थिर होतो आणि उन्हात दिसतं पण नीट.

आता फोकस. यातले बहुतेक कॅमेरे कॉन्ट्रास्ट बघून फोकस करतात, म्हणजे चौकटीत जिथे गडद-फिकटची सगळ्यात ठसठशीत रेघ सापडेल तिथे थांबतात. राखाडी पक्षी राखाडी सावलीत आणि मागे चकचकीत आकाशावर काळ्या काड्या, तर काड्याच जिंकणार, कॅमेऱ्याला पक्षी कळत नाही. तू फोकसची चौकट सगळ्यात लहान कर आणि मधोमध ठेव, मल्टी-एरिया आणि फेस डिटेक्शन बंद कर. मग चौकट पक्ष्याच्या अशा जागी धर जिथे दोन रंग भेटतात, बुलबुलाचं डोकं आणि गाल, दयाळाचा पांढरा पट्टा, किंवा पक्ष्याचे पाय फांदीला टेकतात ती जागा. सपाट पोटावर धरलंस तर लेन्स पुढे-मागे करतच बसणार.

तरीही भरकटला तर पक्ष्यावर पुन्हा पुन्हा शटर अर्धं दाबत बसू नकोस. पक्ष्याएवढ्याच अंतरावरचं दुसरं काहीतरी ठसठशीत शोध, खोडाची साल सगळ्यात बेस्ट, तिच्यावर अर्धं दाबून फोकस घे, बोट तसंच ठेवून पक्ष्यावर ये आणि दाब. वाचायला वेळखाऊ वाटतं पण आठवड्याभरात बोटांना सवय होते. आणि अजून एक, पूर्ण झूमला या लेन्सेस फार जवळचं बघूच शकत नाहीत, पी९०० साधारण ५ मीटर, पी१००० साधारण ७ मीटर, प्रत्येक मॉडेलचं वेगळं असतं. पक्षी अचानक जवळ येऊन बसला आणि फोकस काही केल्या होत नसेल तर घाबरून बटणं दाबू नकोस, थोडा झूम मागे घे, लगेच लागेल.

प्रश्न : मोड कुठला ठेवायचा? ऑटोवर कधी फोटो झकास येतो कधी पार गेलेला. बगळा तर नेहमी नुसता पांढरा डाग येतो आणि कोतवाल नुसती काळी सावली.

उत्तर : ऑटो सोडा, शटर प्रायॉरिटीवर या, म्हणजे शटरचा वेग तुम्ही ठरवता आणि बाकीचं कॅमेरा, डायलवर निकॉनला एस, कॅननला टीव्ही लिहिलेलं असतं. बसलेल्या पक्ष्याला १/५०० सेकंदापासून सुरू करा. पक्षी अगदी निवांत असेल, ढोकरी पाण्याकडे बघत उभी आहे असं काही, तर १/२५० किंवा त्याहून खाली पण चालतं कारण कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन हाताची थरथर सांभाळतं. पण लक्षात ठेवा, ते तुमचाच हात सांभाळतं, पक्ष्याची मान नाही. चिमणी, शिंजीर, चष्मेवाला हे पक्षी बसलेले असले तरी सेकंदात तीनदा मान वळवतात, त्यांना १/५०० च्या खाली गेलात की डोळा पुसट. आयएसओ ऑटो ठेवा पण त्याला वर मर्यादा घाला, ४०० घालून बघा, फारच अंधार असेल तर ८००. त्याच्या वर ओळख पटवण्यापुरता फोटो येतो, पिसांची अपेक्षा ठेवू नका. मर्यादा घातली आणि उजेड तेवढा नसला तर फोटो काळा येईल, तेव्हा शटर हळू करा आणि जास्त फोटो काढा, वीसातले दोन बरे निघतात.

बगळ्याचं आणि कोतवालाचं उत्तर एकाच बटणात आहे, अधिक-उणे चिन्हाचं एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन. कॅमेरा समोरचं सगळं मध्यम राखाडी धरून उजेड मोजतो. गडद पाण्यासमोर उन्हातला पांढरा बगळा असला की त्याला फ्रेम काळोखी वाटते, तो उजेड वाढवतो आणि बगळ्याची पिसं जळून जातात, तिथे उणे ०.७ किंवा उणे १ करा. कोतवाल तारेवर बसलाय आणि मागे पांढरं आकाश, तर कॅमेरा आकाशाला भिऊन सगळं गडद करतो, तिथे अधिक १, कधी अधिक १.७ पर्यंत जा, आकाश पांढरं पडलं तर पडू दे, कोतवालाचा तांबडा डोळा आणि पाठीवरची निळसर चमक दिसायला हवी. दोन्हींत चूक झाली तर गडद बाजूची परवडते, थोडा काळा फोटो नंतर उजळता येतो पण जळालेला पांढरा रंग कुठूनच परत येत नाही. व्ह्यूफाइंडरमध्ये बदल आधीच दिसतो, त्यामुळे अंदाज बांधत बसायची गरज नाही, बघून ठरवा.

निकॉनच्या या मालिकेत पक्षीनिरीक्षणाचा वेगळा मोड पण आहे, सुरुवातीला वापरायला हरकत नाही, पण आयएसओ आपल्या हातात राहत नाही म्हणून मी त्यावर फार काळ राहा असं सांगणार नाही.

प्रश्न : ट्रायपॉड घेऊ का?

उत्तर : एका जागी बसून पाणवठ्यावर वाट बघणार असाल तर घ्या. फिरत फिरत काढणार असाल तर मोनोपॉड बरा, एक पाय असतो, उचलला की चाललो. भक्कम ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन बंद करून दोन सेकंदांचा टायमर लावा, मोनोपॉडवर ते चालूच ठेवा. काहीच नसेल तर झाडाचं खोड, कुंपणाचा खांब, स्वतःचा गुडघा, किंवा धान्य भरलेली कापडी पिशवी, सगळं चालतं.

प्रश्न : तुम्ही म्हणता जवळ जा, पण मी दोन पावलं टाकली की पक्षी उडतो. लोकांना एवढे जवळून कसे काय मिळतात?

उत्तर : सगळ्यात जास्त पत्रं याच प्रश्नाची आहेत आणि मला पण याच्यावर लिहायला सगळ्यात आवडतं, कारण इथे कॅमेरा कुठला आहे याने काहीच फरक पडत नाही.

पक्ष्याकडे सरळ चालत जाऊ नका. सरळ चालत येणारा, डोळे रोखलेला प्राणी म्हणजे शिकारी, एवढं प्रत्येक पक्ष्याला कळतं. तिरपे चाला, जणू तुम्ही त्याच्या बाजूने कुठेतरी दुसरीकडेच निघालात, मधे थांबा, खाली बघा, पुन्हा चार पावलं. दर थांब्याला एक फोटो काढून ठेवा, उडालाच तर हातात काहीतरी असावं. पक्षी काय सांगतोय ते बघा : खाणं थांबवलं, मान ताठ केली, शेपटी खालीवर करायला लागला, अंग आवळून बारीक झाला, तर तुम्ही त्याच्या हद्दीवर आलात, तिथेच थांबा, हवं तर एक पाऊल मागे या. बऱ्याचदा मिनिटभरात तो परत पिसं साफ करायला लागतो. पिसं साफ करणारा, एका पायावर उभा असलेला, आळस देणारा पक्षी म्हणजे त्याने तुम्हाला चालवून घेतलं. तिथून पुढे हात हळू, कॅमेरा वर घेणं हळू, आणि बीपचा आवाज, फोकसचा दिवा, फ्लॅश हे सगळं घरीच बंद करून यायचं.

याहून चांगला मार्ग म्हणजे जाऊच नका, त्यालाच येऊ द्या. वेडा राघू घ्या. फांदीच्या टोकावर बसतो, हवेत झेप घेतो, माशी किंवा मधमाशी पकडतो आणि बहुतेक वेळा त्याच फांदीवर परत येतो, मग पकडलेली माशी फांदीवर आपटतो आणि गिळतो. अर्धा तास लांबून नुसतं बघितलंत तरी त्याच्या दोन-तीन ठरलेल्या जागा कळतात. तो उडून गेलेला असताना त्या जागेपासून आठ-दहा मीटरवर झुडपाच्या आडोशाने खाली बसा, सूर्य पाठीमागे घ्या, रिकाम्या फांदीच्या टोकावर फोकस करून ठेवा आणि हलू नका. पहिल्यांदा तो लांब बसेल. दुसऱ्यांदा पण लांब बसेल कदाचित. मग येतो. आपटताना त्याची मान जोरात हलते तेव्हा १/१००० हवा, आपटायच्या आधी एक क्षण तो चोचीत माशी धरून स्थिर असतो, फोटो तिथे आहे. खंड्या पण असाच ठरलेल्या जागी परत परत येतो, कोतवाल पण. नाचणाच्या मागे मात्र सुरुवातीला लागू नका, तो एका जागी टिकतच नाही, उगाच हिरमोड होतो.

बसण्याचं अजून एक कारण आहे. उभ्याने काढलेल्या जमिनीवरच्या पक्ष्याच्या मागे जमीनच येते, गवत, दगड, कचरा, आणि या लहान सेन्सरवर ते सगळं स्पष्ट येतं. तुम्हाला मोठ्या लेन्सवाल्यांसारखी मऊ पार्श्वभूमी हवी असेल तर ती इथे अॅपर्चरने मिळत नाही, अंतराने मिळते : तुम्ही पक्ष्याच्या जवळ आणि पक्षी मागच्या झाडीपासून लांब. खाली बसलात, जमलं तर पालथे पडलात, की कॅमेरा पक्ष्याच्या डोळ्यांच्या रेषेत येतो आणि मागे थेट लांबची झाडी येते. जागा दोन फूट डावी-उजवीकडे सरकवून पण मागची पांढरी भगभगीत भोकं टाळता येतात, पक्षी निवांत असेल तर हे आवर्जून करा. डोळ्यात उजेडाचा ठिपका आला का तेवढं बघा, तो नसला की पक्षी मेल्यासारखा दिसतो, आणि सकाळचं ऊन पाठीवर घेतलंत तर तो आपोआप येतो.

प्रश्न : आमच्या बाल्कनीसमोर बुलबुलाने घरटं केलंय, पिल्लं आहेत. फांद्या जरा बाजूला केल्या तर छान फोटो येईल. सदराला पाठवू का? आणि पक्षी जवळ बोलवायला मोबाइलवर त्याचा आवाज वाजवतात, ते करावं का?

उत्तर : फांद्यांना हात लावू नका, कृपा करून. ती पानं त्या जोडीने निवडलेली आहेत, त्यांच्यामुळे कावळ्याला वरून घरटं दिसत नाही आणि दुपारचं ऊन पिल्लांवर पडत नाही. उघड्या अंगाच्या पिल्लांना तासाभराचं थेट ऊन पण जिवावर बेतू शकतं. तुम्ही खिडकीत उभे असताना आई-बाप चोचीत किडा धरून शेजारच्या फांदीवर नुसते बसून राहिले, आत जात नाहीत, ओरडतायत, तर ते तुमच्या जाण्याची वाट बघतायत आणि पिल्लं उपाशी आहेत. पडदा ओढून घ्या. पिल्लं उडाली की ती काही दिवस आसपासच्या फांद्यांवर बसून खाणं मागत असतात, तेव्हा लांबून काढा, ते फोटो मला नक्की पाठवा, घरट्याचा मात्र या सदरात छापणार नाही.

आवाज वाजवणं पण नको. आवाज ऐकून पक्षी येतो तो आपल्या जागेत दुसरा नर घुसलाय असं समजून, हातातलं काम, घरटं, खाणं सोडून भांडायला येतो. रोज चार जणांनी येऊन हेच केलं तर त्याची सकाळ त्यातच जाते. तसा मिळालेला फोटो मला बघायला पण आवडत नाही.

प्रश्न : उडणाऱ्या पक्ष्यांचे फोटो या कॅमेऱ्यांवर येतात का हो? माझ्याकडे नुसतं निळं आकाश येतं.

उत्तर : येतात, पण कुठल्या पक्ष्यापासून सुरुवात करता त्यावर आहे. पाकोळी आणि शिंजीर सोडून द्या. घार घिरट्या घालत असते, बगळे संध्याकाळी ठरलेल्या वाटेने रांगेत परततात, कुरव तलावावर फेऱ्या मारतात, हे मोठे आहेत, संथ आहेत आणि पुढे कुठे जाणार याचा अंदाज येतो. झूम ४००-६०० मिमीच्या वर नेऊ नका, पक्षी फ्रेममध्ये लहान राहिला तर राहू दे, नंतर कापता येतो. शटर १/१६०० किंवा १/२०००, म्हणजे कडक ऊन हवंच. फोकसची चौकट इथे मात्र मोठी करा, निरभ्र आकाशात कॅमेऱ्याला धरायला दुसरं काही नसतंच. आकाश उजळ असतं म्हणून अधिक ०.७ तरी करा, नाहीतर पोटाखालची पिसं काळी. पाय रोवून उभे राहा, पक्षी लांब असतानाच फ्रेममध्ये घ्या, कमरेतून वळत त्याच्यासोबत चला आणि बटण दाबल्यावर पण वळणं थांबवू नका, बहुतेकांचा फोटो तिथेच जातो.

बर्स्टचं, म्हणजे एका दमात बरेच फोटो काढण्याचं, तंत्र पण समजून घ्या. पी९००ला सेकंदाला सातच्या वेगाने सात फोटो मिळतात आणि मग कार्डावर लिहीत कॅमेरा थांबून राहतो. म्हणजे तुमच्याकडे एकच सेकंद आहे, तो पक्षी लांब असताना खर्च करू नका. बसलेल्या पक्ष्याच्या उड्डाणाचा फोटो हवा असेल तर त्याच्याकडे बघत राहा, उडायच्या आधी बरेच पक्षी शिटतात, अंग खाली दाबतात, आणि जमेल तेव्हा वाऱ्याकडे तोंड करून झेप घेतात. वारा कुठून येतोय ते बघून फ्रेममध्ये त्या बाजूला जागा मोकळी सोडा. फास्ट मेमरी कार्ड, व्ही३० किंवा यू३ लिहिलेलं, घेतलंत तर कॅमेरा जरा लवकर मोकळा होतो.

प्रश्न : दोन वर्षं झाली, आता लेन्स बदलता येणारा डीएसएलआर किंवा मिररलेस घ्यावा का? सगळे म्हणतात या खेळण्यावर वेळ घालवू नका.

उत्तर : खेळणं म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. तुम्हाला आता कुठे अडायला होतंय ते बघा. झाडीतल्या अंधारात पहाटेचे फोटो येत नाहीत, उडते पक्षी फोकसमध्ये येत नाहीत, अशी अडचण असेल तर ती खरीच कॅमेऱ्याची आहे आणि मोठा सेन्सर, वेगवान फोकस याने ती सुटते. मधला रस्ता पण आहे, सोनी आरएक्स१० मार्क ४, २०१७ मध्ये आला, एक इंची म्हणजे तुमच्या सेन्सरच्या साधारण चौपट क्षेत्रफळाचा सेन्सर, २४ ते ६०० मिमी, पूर्ण झूमला पण एफ/४, आणि फोकस बराच चपळ, पण वजन एक किलोच्या वर आणि पल्ला तुमच्यापेक्षा कमी. मिररलेसला ६०० मिमीपर्यंतची लेन्स लावली की दोन-तीन किलो गळ्यात येतात, ते रोज न्याल का हे स्वतःला विचारा. मात्र तुमची अडचण पक्षी जवळ येत नाहीत, मागे पसारा दिसतो, दुपारचे फोटो फिके येतात अशी असेल तर नवीन कॅमेऱ्यावर पण तेच फोटो येतील. आणि पक्षी ओळखण्यासाठी, नोंदीसाठी, लांबच्या पाणपक्ष्यांसाठी या झूम कॅमेऱ्याएवढं सोयीचं दुसरं काही मी पाहिलेलं नाही, मोठा कॅमेरा घेतलात तरी हा विकू नका.

प्रश्न : रॉ मध्ये काढावं का? एडिटिंग किती करावं?

उत्तर : रॉ म्हणजे कॅमेऱ्याने न पुसलेली कच्ची फाइल, जेपेग म्हणजे त्याने तयार करून दिलेला फोटो. पी९००ला रॉ नाहीच, पी९५०, पी१०००, एसएक्स५०, एसएक्स७०ला आहे. कमी उजेडात रॉ काढा, कारण आजची नॉइज काढणारी सॉफ्टवेअर्स कॅमेऱ्यापेक्षा पिसं पुष्कळ जास्त वाचवतात. बर्स्टमध्ये आणि भर उन्हात जेपेगवर काम भागतं. फक्त जेपेग असेल तर मेनूत नॉइज रिडक्शन कमीवर न्या, शार्पनेस पण एक घर खाली आणा आणि शार्पनिंग शेवटी स्वतः करा, तेही पक्ष्यापुरतं, मागच्या आकाशाला केलंत तर दाणे उठतात. क्रॉप करताना पक्षी ज्या बाजूला बघतोय तिकडे जास्त जागा सोडा. पंख, शेपटीचं टोक, पाय कापले जात नाहीत ना बघा. सॅच्युरेशन वाढवायचा मोह खंड्याच्या निळ्याला सगळ्यात जास्त होतो, तो निळा मुळातच एवढा आहे की स्लायडर थोडा सरकवला तरी पिसांच्या रेघा मिटून सपाट निळा पट्टा होतो, तेव्हा त्या स्लायडरला हात न लावता सावल्या थोड्या उजळा आणि थांबा. मूळ फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये तारीख आणि जागा लिहून तशीच ठेवा, पुढच्या वर्षी त्याच फांदीवर तोच पक्षी कधी येतो ते बघायला ती नोंद कामाला येते.